दोन वैरी आपसांत लढतात तेव्हा तिसऱ्याने काय करावं? आखातातल्या आठ वर्षांवरून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन देश, दोन्हीकडे हुकूमशाही, दोघेही आपल्याला पाण्यात पाहणारे. असे दोघे एकमेकांवर तुटून पडले, तर तिसऱ्या देशाने मध्ये पडावं का? विचारणाऱ्याने पुढे अर्धं उत्तरही देऊन टाकलं आहे, "लढू देत. दोघेही झिजतील. आपलं काय जातं?"

मी परराष्ट्र खात्यातला माणूस नाही. बत्तीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, त्यातली शेवटची चौदा कॅप्टन म्हणून, आणि किनाऱ्यावर आल्यावर काही वर्षं युद्धजोखमीच्या विम्याचं काम केलं. त्यामुळे "आपलं काय जातं" हे मी आकड्यांत मोजत आलो आहे. युद्धक्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या पाण्यात जहाज न्यायचं तर जहाजाच्या किमतीच्या अमुक टक्के जादा हप्ता भरावा लागतो, आणि तोही साधारण सात दिवसांपुरता. आठव्या दिवशी नवा भाव. हा भाव जहाजमालक स्वतःच्या खिशातून देत नाही. तो तेलावर चढतो, आणि ज्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नाही अशा लोकांपर्यंत पोचतो.

या प्रश्नाला इराण-इराक युद्धाइतकं चपखल दुसरं उदाहरण मला सापडत नाही. सप्टेंबर 1980 ते ऑगस्ट 1988. अमेरिकेच्या बाजूने पाहिलं तर प्रश्नातलं चित्र हुबेहूब तेच. इराकने 1967 मध्येच अमेरिकेशी राजनैतिक संबंध तोडले होते, त्याची शस्त्रं सोव्हिएत होती, आणि जुलै 1979 पासून सगळी सूत्रं सद्दाम हुसेनच्या हातात होती. इराणमध्ये क्रांती झाली होती, खोमेनींचा शब्द अखेरचा होता आणि तेहरानमध्ये अमेरिकी वकिलातीतली माणसं ओलीस होती. दोघेही वैरी. "दोघेही हरू शकत नाहीत हीच काय ती पंचाईत" असं एक वाक्य त्या काळी अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्या नावावर फिरत असे. ते तसंच म्हणाले होते की नाही यात मी पडत नाही, पण वॉशिंग्टनमध्ये बऱ्याच जणांच्या मनात तेच होतं.

एक गोष्ट आधी बाजूला काढतो. "दोन हुकूमशाही" म्हटलं की एकाच साच्यातले दोन गणपती डोळ्यांपुढे येतात. तसं नव्हतं. इराक एका माणसाचं राज्य होतं. त्या माणसाला युद्ध महाग पडू लागलं की तो थांबायला तयार होत असे, त्याला कुणाला विचारायचं नव्हतं. इराणमध्ये निवडलेला राष्ट्राध्यक्ष होता (बनी-सद्र, ज्यांना जून 1981 मध्ये हटवलं गेलं), संसद होती, मौलवींचे गट होते, आणि या सगळ्यांच्या वर खोमेनी. तिथे युद्ध म्हणजे क्रांतीचा श्वास झाला होता, थांबणं म्हणजे क्रांतीशी गद्दारी. मध्ये पडायचं की नाही हे ठरवण्याआधी, समोरचे दोघे थांबतात कसे हे माहीत असावं लागतं. ते न कळल्यामुळे 1982 ची संधी गेली. त्याकडे येतोच.

भांडण कशावरून? वरवर पाहता पाण्यावरून. शत-अल-अरब ही युफ्रेटिस आणि टायग्रिस मिळून होणारी नदी दोन्ही देशांच्या मधून आखाताला मिळते. मार्च 1975 च्या अल्जिअर्स कराराने सरहद्द नदीच्या खोल पात्राच्या मध्यावरून ठरली. सद्दामने स्वतः त्यावर सही केली होती, आणि 17 सप्टेंबर 1980 ला तो करार त्यानेच मोडीत काढला. पाच दिवसांनी इराकी विमानं इराणच्या विमानतळांवर गेली. हिशोब असा की क्रांतीने इराणी सैन्याचा कणा मोडला आहे, काही आठवड्यांत काम होईल. ऑक्टोबरअखेर खोर्रमशहर पडलं, आणि तिथेच हिशोब संपला.

आमच्या धंद्यातली पहिली झळ अगदी पहिल्या आठवड्यात लागली. शत-अल-अरबमध्ये वेगवेगळ्या देशांची डझनावारी मालवाहू जहाजं माल उतरवत उभी होती. ती तिथेच अडकली. ना पुढे जाता येत, ना मागे. त्यांच्या मालकांपैकी कुणीही कुणाची बाजू घेतलेली नव्हती. खलाशी हळूहळू उतरवले गेले, जहाजं गंजत राहिली. युद्धात जहाज अडकून पडलं आणि बारा महिन्यांत सुटलं नाही तर ते पूर्ण बुडालं असं धरून भरपाई, या प्रकारच्या विम्याचा विचार करताना आजही त्या नदीतल्या जहाजांची आठवण निघते. तेव्हा "लढू देत" हा पर्याय निवडणाऱ्याला पहिलं बिल सातव्या दिवशी येतं, एवढं लक्षात असू द्या.

आता मध्ये कोण पडलं ते पाहू. खरं तर प्रश्न उलटा विचारायला हवा: बाहेर कोण राहिलं? सौदी अरेबिया आणि कुवेतने इराकला अब्जावधी डॉलर दिले. सोव्हिएत संघाने आधी हात आखडता घेतला, मग इराकला शस्त्रांचा ओघ सुरू केला. फ्रान्सने 1983 मध्ये पाच सुपर एतांदार विमानं चक्क भाड्याने दिली, एक्झोसेट क्षेपणास्त्रांसह. चीनने दोघांनाही माल विकला. उत्तर कोरिया, सीरिया आणि लिबिया इराणच्या बाजूला. एप्रिल 1982 मध्ये सीरियाने इराकची तेलवाहिनी बंद केली, दोन्ही देशांत राज्य बाथ पक्षाचंच, म्हणजे एक बाथ पक्ष दुसऱ्या बाथ पक्षाच्या विरोधात. इस्रायलने इराणला गुपचूप शस्त्रं दिली आणि जून 1981 मध्ये इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली.

अमेरिकेचं वागणं सगळ्यात बोलकं. फेब्रुवारी 1982 मध्ये इराकचं नाव दहशतवादाला मदत करणाऱ्या देशांच्या यादीतून काढलं. डिसेंबर 1983 मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे दूत रम्सफेल्ड बगदादला जाऊन सद्दामला भेटले. नोव्हेंबर 1984 मध्ये राजनैतिक संबंध पुन्हा सुरू. आणि हे चालू असतानाच, 1985 आणि 86 मध्ये, त्याच सरकारातल्या काही लोकांनी इराणला रणगाडाभेदी टो क्षेपणास्त्रं आणि हॉक क्षेपणास्त्रांचे सुटे भाग पोचवले. लेबनॉनमधल्या ओलिसांना सोडवायचं आणि आलेल्या पैशातला काही भाग निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांकडे वळवायचा. नोव्हेंबर 1986 मध्ये बैरूतच्या एका साप्ताहिकाने बिंग फोडलं. दोन्ही दगडांवर पाय ठेवणं म्हणजे काय याचा इतका शुद्ध नमुना विरळा.

यामागे एक तर्क होता, आणि तो मूर्ख नव्हता. कुणीच निर्विवाद जिंकू नये. इराण जिंकला तर बसरा, मग कुवेत, मग सौदीचे पूर्वेकडचे तेलसाठे, ही भीती खरी होती. जुलै 1982 मध्ये इराणी फौजा खरोखरच बसराच्या दिशेने इराकमध्ये शिरल्या होत्या. इराक जिंकला असता तर आखाताचा दादा सद्दाम. मग हरणाऱ्याला हात द्यायचा आणि तोल राखायचा. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. फक्त त्यात एक गोष्ट सुटते, तोल राखला की युद्ध संपत नाही. दोन्ही पारडी सारखी ठेवायची तर दोन्हीत वजन टाकत राहावं लागतं, आणि इथे वजन म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची पोरं होती. मृतांचे आकडे आजही वादात आहेत. कमीत कमी धरले तरी ते लाखांत जातात.

1982 बद्दल म्हणालो होतो. मे महिन्यात इराणने खोर्रमशहर परत घेतलं. जूनमध्ये सद्दाम इराणी भूमीवरून सैन्य मागे घ्यायला आणि तह करायला तयार झाला. युद्ध थांबवायचा तो क्षण होता. इराणची अट होती की सद्दाम जावा, आक्रमण कुणी केलं ते जगाने नाव घेऊन सांगावं आणि नुकसानभरपाई मिळावी. यातली पहिली अट कुणालाच पुरवता आली नसती. दुसरी मात्र पुरवण्यासारखी होती, आणि तिची मेख दोन वर्षं आधीच मारून ठेवली होती. सप्टेंबर 1980 मध्ये इराकी सैन्य इराणच्या आत घुसत असताना सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 479 केला. त्यात लढाई थांबवा असं होतं, पण सैन्य मागे घ्या हे नव्हतं, आणि हल्ला कुणी केला याचा उल्लेखही नव्हता. सरहद्दीपर्यंत मागे या, असं सांगणारा ठराव क्रमांक 514 आला जुलै 1982 मध्ये, म्हणजे इराण सरहद्द ओलांडायच्या बेतात असताना. तेहरानमध्ये बसलेल्या माणसाने यातून काय अर्थ काढायचा? परिषदेचा शब्द त्याच्या लेखी रद्दी झाला. आक्रमण इराकचं होतं हे संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी अहवालात लिहून दिलं डिसेंबर 1991 मध्ये. तोवर युद्ध संपून तीन वर्षं झाली होती आणि सद्दाम सगळ्यांचाच शत्रू झाला होता.

माझं मत विचाराल तर मध्ये पडायची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वेळ ती पहिल्या आठवड्याची होती. त्यासाठी एकही गोळी झाडावी लागली नसती. खरं ते नाव घेऊन बोलायचं, एवढंच. शत्रूवर हल्ला झाला आहे म्हणून हल्ला हल्ला ठरत नाही, हा मोह टाळायला हवा होता. ओलिसांवरून अमेरिकेला आलेला राग समजण्यासारखा आहे. जहाजावर मीही रागाच्या भरात घेतलेले निर्णय पाहिले आहेत, त्यांचा खर्च नंतर गोदीत भरावा लागतो.

इराकने वापरलेल्या रासायनिक अस्त्रांचंही तेच झालं. मार्च 1984 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी इराणमध्ये जाऊन मोहरी वायूच्या खुणा पाहिल्या आणि तसा अहवाल दिला. जगाने निषेध केला, तोही असा की वापरणाऱ्याचं नाव घेताना जीभ अडखळावी. मार्च 1988 मध्ये हलबजा या कुर्दी गावावर वायू सोडला गेला. मेलेल्यांचा आकडा 5,000 पर्यंत सांगितला जातो, आणि ते इराकचेच नागरिक होते. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं आमची आजी म्हणायची. इथे म्हातारीचंही दुःख होतंच, पण काळ कसा सोकावला ते पाहा: दोन वर्षांत तोच माणूस कुवेतमध्ये शिरला. आपण काहीही केलं तरी कुणी काही म्हणत नाही, हे त्याला आठ वर्षं शिकवलं गेलं होतं.

आता माझ्या पाण्याकडे येतो. टँकर युद्ध म्हणतात तो भाग 1984 पासून जोरात आला. यातली एक गंमत बाहेरच्यांना कळत नाही. इराकची बंदरं पहिल्याच महिन्यांत बंद पडली होती, त्याचं तेल नळांतून तुर्कस्तानमार्गे आणि पुढे सौदीमार्गे जात असे. म्हणजे इराणला मारायला इराकी जहाजच समुद्रावर नव्हतं. इराक इराणच्या खार्ग बेटावर तेल भरणाऱ्या जहाजांवर विमानं सोडत असे, आणि बदला म्हणून इराण कुवेत आणि सौदीच्या वाटेवरची जहाजं धरत असे, जी कागदोपत्री तटस्थ होती. चारशेहून अधिक व्यापारी जहाजांवर हल्ले झाले. त्यांवरचे खलाशी भारतीय, फिलिपिनो, पाकिस्तानी, कोरियन, ग्रीक.

1987 मध्ये मी एका टँकरवर सेकंड ऑफिसर होतो. रात्री बारा ते चारचा वॉच, म्हणजे पहारा, माझा. आखाताच्या तोंडाशी असलेली होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडताना ओमानच्या मुसंदमच्या कड्यांना जितकं चिकटून जाता येईल तितकं जायचं, दिवे कमी, डेकवर विनाकारण कुणी नाही. व्हीएचएफ रेडिओवर इराणी गस्ती नौका विचारायची: जहाजाचं नाव, झेंडा, कुठून, कुठे, माल काय. आवाज सभ्य असायचा. उत्तर दिलं की कधी "गुड वॉच" म्हणायचे आणि कधी काहीच बोलायचे नाहीत. ते गप्प बसले की आमच्या छातीत धडधडायचं. मोठ्या टँकरला एक्झोसेट लागलं तरी तो सहसा बुडत नसे, टाक्यांत निष्क्रिय वायू भरलेला असला की क्रूड सहजी पेट घेत नाही. माणसं मरायची ती राहत्या खोल्यांत आणि इंजिन रूममध्ये. वेगवान बोटीतून येणारे इराणी पासदार, म्हणजे क्रांतिरक्षक दलाचे लोक, रॉकेट डागायचे ते नेमकं तिथेच. त्यामुळे आमचा चीफ कुक गादी घेऊन स्टोअरमध्ये झोपायचा. दुप्पट पगार होता, तो सोडायची कुणाची तयारी नव्हती. हेही सांगायला हवं.

याच काळात जगातलं सर्वांत लांब जहाज, 458 मीटरचं सीवाइज जायंट, लारक बेटापाशी इराकी विमानांच्या तडाख्यात सापडून जळालं. मे 1988 ची गोष्ट. पुढे ते दुरुस्त झालं, नावं बदलत राहिलं, आणि शेवटी गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला आलं.

कुवेतने काय केलं ते पाहण्यासारखं आहे, कारण छोटा देश मोठ्यांना कसा ओढतो याचा तो धडा आहे. त्याने संरक्षणासाठी अमेरिकेलाही विचारलं आणि सोव्हिएत संघालाही. सोव्हिएतांनी तीन टँकर भाड्याने देऊ केले. ते कळताच अमेरिकेने कुवेतचे 11 टँकर आपल्या झेंड्याखाली घेतले. जुलै 1987 मध्ये पहिला ताफा निघाला, आणि 24 तारखेला त्यातला ब्रिजटन हा अवाढव्य टँकर सुरुंगावर आदळला. त्यानंतरचं दृश्य आमच्या खलाश्यांमध्ये वर्षानुवर्षं चघळलं गेलं: संरक्षणाला आलेल्या युद्धनौका टँकरच्या मागे एका रांगेत लागल्या. टँकर सुरुंग सोसू शकत होता, युद्धनौका नाही.

त्याआधी मे महिन्यात इराकी विमानाने स्टार्क या अमेरिकी युद्धनौकेवर दोन एक्झोसेट सोडली आणि 37 नौसैनिक मेले. मारणारा इराक होता, वॉशिंग्टनने माफी स्वीकारली आणि परिस्थिती चिघळवल्याचा दोष इराणला दिला. ज्या क्षणी तुम्ही एकाची बाजू धरता, त्याचा मारही तुम्हाला अपघात म्हणून गिळावा लागतो. एप्रिल 1988 मध्ये सॅम्युअल रॉबर्ट्स ही युद्धनौका इराणी सुरुंगाने फाटली, चार दिवसांनी अमेरिकेने इराणच्या नौदलावर दिवसभर हल्ला चढवला. 3 जुलैला व्हिन्सेन्स या अमेरिकी युद्धनौकेने बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं इराण एअरचं विमान लढाऊ विमान समजून पाडलं. 290 माणसं गेली, त्यांत 66 मुलं. दहा प्रवासी भारतीय होते. ताफ्यांचं रक्षण करायला आलेल्या नौदलाने वर्षभरात कुठवर मजल मारली ती ही अशी. मूळ काम चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. मी त्या पाण्यात होतो, आणि क्षितिजावर राखाडी ठिपका दिसला की मलाही बरं वाटायचं. पण "फक्त जहाजांचं रक्षण" आणि "एका पक्षाविरुद्ध युद्ध" यांच्यामध्ये जी रेघ आहे ती पाण्यावर ओढलेली असते. ती रोज नव्याने ओढावी लागते, आणि दमलेला, भेदरलेला अधिकारी ती ओढायचं एके दिवशी विसरतो.

विमान पडल्यानंतर सव्वादोन आठवड्यांत खोमेनींनी सुरक्षा परिषदेचा युद्धबंदीचा ठराव क्रमांक 598 मान्य केला आणि त्याला विषाचा पेला म्हटलं. 20 ऑगस्टला तोफा थांबल्या. सरहद्द जवळपास होती तिथेच. शेवटचा विनोद दोन वर्षांनी झाला: ऑगस्ट 1990 मध्ये, कुवेत गिळल्यानंतर पूर्वेकडचं सैन्य मोकळं करायचं म्हणून सद्दामने 1975 चा तोच करार पुन्हा मान्य केला.

इथे हरकत घेतली जाते, आणि ती योग्य आहे: मग 1941 मध्ये काय? तेव्हाही दोन हुकूमशहा लढत होते. जूनमध्ये हिटलर स्टालिनवर तुटून पडला तेव्हा सिनेटर असलेले ट्रुमन म्हणाले होते की जर्मनी जिंकताना दिसला तर रशियाला मदत करावी, रशिया जिंकताना दिसला तर जर्मनीला. चर्चिल यांनी असा तोल साधत बसायचं नाकारलं. ते आयुष्यभर कम्युनिस्टांचे कडवे विरोधक, पण त्याच दिवशी त्यांनी रशियाची बाजू घेतली. अमेरिकेने पुढे सुमारे 11 अब्ज डॉलरचा माल रशियाला पाठवला. मला हा निर्णय बरोबर वाटतो, कारण दोन पराभवांपैकी एका पराभवानंतर ब्रिटनला जगताच आलं नसतं. किंमत मात्र पोलंडपासून बल्गेरियापर्यंतच्या लोकांनी पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं भरली. आणि हेही पाहा, तो माल रशियाला पोचवायचा एक मोठा रस्ता इराणमधून होता. इराण तटस्थ होता. ऑगस्ट 1941 मध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत सैन्याने त्याला दोन्ही बाजूंनी दाबलं, रझाशाहला पायउतार केलं आणि रेल्वे ताब्यात घेतली. दोन हुकूमशहांच्या लढाईत मध्ये पडणाऱ्यांनी तिसऱ्याच्याच अंगावरून गाडी नेली. इराणी माणसाशी आखाताबद्दल बोलताना ही गोष्ट दहाव्या मिनिटाला निघते, हा माझा अनुभव आहे.

दुसरं उदाहरण आपल्या अधिक जवळचं. डिसेंबर 1978 मध्ये कम्युनिस्ट व्हिएतनाम कम्युनिस्ट कंबोडियात शिरला आणि दोन आठवड्यांत पोल पॉटची राजवट उलथली. शुद्ध हेतूने नव्हे, स्वतःच्या सरहद्दीसाठी. पण जगातला एक भीषण नरसंहार त्यामुळे थांबला. चीन आणि अमेरिकेला व्हिएतनाम नको होता, म्हणून संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाची खुर्ची पोल पॉटच्याच माणसांकडे राहिली. फेब्रुवारी 1979 मध्ये चीनने व्हिएतनामवर हल्ला केला तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री वाजपेयी चीनच्याच दौऱ्यावर होते, ते दौरा अर्धवट टाकून परतले. 1980 मध्ये भारताने नोम पेन्हमधल्या नव्या सरकारला मान्यता दिली. पाश्चात्त्य जगात आपल्यावर टीका झाली. आज मागे वळून पाहताना त्या टीकेत मला फारसा दम दिसत नाही.

म्हणून "पडावं की न पडावं" असं सरसकट उत्तर मी देत नाही. मी दोन गोष्टी वेगळ्या करून बघतो. आपलं जे तिथे आहे, म्हणजे माणसं, जहाजं, वाट, त्याचं रक्षण करणं हा आपला हक्क आहे आणि त्यासाठी कुणाची बाजू घ्यावी लागत नाही. जून 2019 मध्ये होर्मुझच्या तोंडाशी टँकरवर हल्ले झाले तेव्हा भारतीय नौदलाने तेच केलं. आपल्या झेंड्याच्या जहाजांना सोबत दिली, जाता-येता रेडिओवर बोलत राहिले, अमेरिकी आघाडीत शिरले नाहीत आणि इराणशी वाकडंही घेतलं नाही. बातमी छोटी होती, पण तेव्हा विम्याच्या टेबलावर बसून मला तिचं मोल कळत होतं.

कोण जिंकावं हे ठरवायला निघणं ही दुसरी गोष्ट, आणि तिथे माझा हात आखडता आहे. दोघांपैकी एकाच्या विजयानंतर आपण जगूच शकणार नाही असं खरंच असेल तर 1941 सारखं उघडपणे, नाव घेऊन, किंमत मान्य करून उतरावं. तसं नसेल तर गुपचूप पैसे, गुपचूप शस्त्रं, अर्ध्या डोळ्याने पाहणं हे टाळावं. त्याने युद्ध लांबतं, आणि आपण पोसलेला जेता कर्ज घेऊन उभा राहतो. इराकवर कुवेतचं कर्ज सुमारे 14 अब्ज डॉलर होतं. ते माफ करायला कुवेत तयार नव्हता, हे त्याच्यावरच्या आक्रमणाच्या कारणांपैकी एक.

भारत त्या आठ वर्षांत काय करत होता, असं कुणी विचारेल. आपण आयात करत होतो त्या तेलाचा मोठा हिस्सा या दोघांकडूनच यायचा. मुंबई हायचं तेल 1976 पासून यायला लागलं होतं म्हणून थोडं निभावलं. आपण दोघांशी बोलत राहिलो, दोघांशी व्यापार केला. अलिप्त राष्ट्रांची परिषद 1982 मध्ये बगदादला ठरली होती, युद्धामुळे ती हलवावी लागली आणि मार्च 1983 मध्ये दिल्लीत झाली. याला कुणी भित्रेपणा म्हणतं. थोडा होताही, हलबजावर आपण जितकं बोलायला हवं होतं तितकं बोललो नाही, आणि ते मला आजही खटकतं. पण बोलणं चालू ठेवल्याचा उपयोग ऑगस्ट 1990 मध्ये झाला. कुवेतमध्ये अडकलेल्या भारतीयांसाठी परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला गेले. सद्दामने त्यांना मिठी मारली, त्या फोटोवरून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. मात्र पुढच्या दोन महिन्यांत एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून एक लाखाहून अधिक माणसं मुंबईत आणली.

त्यांत माझा एक चुलतभाऊ होता, चिपळूणचा, कुवेतमध्ये एसी दुरुस्तीचं काम करणारा. बगदादमार्गे बसने अम्मान, तिथे वाळवंटातल्या तंबूत आठवडाभर, मग सहारला उतरला. मी त्याला घ्यायला गेलो होतो. अंगावर एकच शर्ट, आणि जेवणाच्या डब्यात फडक्यात गुंडाळलेले कुवेती दिनार, अकरा वर्षांच्या बचतीतले जमले तेवढे. विमानतळाबाहेरच्या पैसे बदलणाऱ्या माणसाने नोटा हातात घेतल्या, उलटून पाहिल्या आणि परत दिल्या. कुवेत नावाचा देश सध्या आहे की नाही हेच ठरलेलं नाही, म्हणाला, मी भाव काय लावू?